विमान डोक्यावरून जातं, गाडी दारावरून जाते



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणी हसतील. सुट्टीत फिरायला विमानाने जावं की गाडीने? तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला कुठे जायचंय विमानाने? दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत आम्ही चुलीपुढून हलत नाही. खरं आहे. हा प्रश्न काशीदच्या घरात कुणी विचारत नाही. पण मुंबईत, ठाण्यात, पुण्यात तो दर सुट्टीच्या आधी विचारला जातो. नवरा म्हणतो गोव्याला विमानाने जाऊ, बायको म्हणते मुलं आहेत, सामान आहे, गाडीच बरी. त्या घरात जे ठरतं, त्यावर आपल्याकडे किती पानं वाढली जाणार ते ठरतं. आणि त्यावरच गटाचा हप्ता वेळेवर जाणार की नाही तेही ठरतं.

आता हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातच येऊन बसला आहे. नवी मुंबईचा नवा विमानतळ पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तिकडे गोव्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. म्हणजे चढायची सोय झाली आणि उतरायचीही झाली. ज्या पनवेलवरून आपले पाहुणे अलिबागच्या रस्त्याला लागतात, त्याच पनवेलहून आता ते थेट गोव्याला किंवा केरळला उडू शकतात.

म्हणून आज आपण तीन हिशेब नीट समजून घेऊ. पैशाचा, धुराचा आणि वाटेवर पडणाऱ्या कमाईचा. पाहुणा गाडीनेच का येतो हे कळलं, तर त्याने यापुढेही गाडीने का यावं हे आपल्याला सांगता येईल.

पैशाचा हिशेब

विमानाचं तिकीट माणशी लागतं. गाडीचं पेट्रोल गाडीला लागतं. सगळा हिशेब या एका गोष्टीवर फिरतो.

समजा आई, वडील आणि दोन मुलं मुंबईहून गोव्याला निघाली. रस्ता साधारण सहाशे किलोमीटर धरू. गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते असं धरलं, तर ४० लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर ४,२०० रुपये झाले. त्यात टोल आणि वाटेतला चहा-नाश्ता मिळवा. एवढ्यात चौघं पोचली. आजीला बरोबर घेतलं तरी पेट्रोलचा खर्च जवळपास तोच राहतो.

विमानात मात्र चार माणसं म्हणजे चार तिकिटं. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही स्वतःची सीट घ्यावी लागते. तिकिटाचा भावही कायम नसतो. पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी स्वस्त मिळेल, पण दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात, म्हणजे शाळांना सुट्टी असते नेमकी तेव्हा, तो कितीतरी पट चढतो. शिवाय घरापासून विमानतळापर्यंत टॅक्सी, तिकडे उतरल्यावर हॉटेलपर्यंत टॅक्सी, आणि तिथे फिरायला पुन्हा भाड्याची गाडी. लोक तिकिटाचा आकडा बघतात आणि हे तीन खर्च विसरतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माणूस एकटा असेल, तिकीट आधी काढलेलं असेल, तर विमान स्वस्त पडू शकतं. वेळही वाचतो. मुंबई-गोवा विमानाचा प्रवास तास-सव्वा तासाचा. घरून निघणं, विमानतळावर दोन तास आधी पोचणं, सामानाची वाट बघणं हे सगळं धरलं तरी पाच-सहा तासांत माणूस मुक्कामी असतो. रस्त्याने गोव्याला पोचायला दहा-बारा तास सहज जातात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललेलं आहे, त्या रस्त्याच्या कहाण्या तुम्हाला मी सांगायला नकोत.

आणि जिवाचा हिशेब मांडला तर रस्त्याचा प्रवास विमानापेक्षा जास्त धोक्याचा आहे. गाडीने या म्हणताना आपण हे लपवता कामा नये. रात्रभर जागून गाडी चालवू नये, दर दोन तासांनी थांबावं, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. मागच्या सीटवर पट्टा लावणं हा कायदाच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता आपल्या काशीदचं बघा. मुंबईपासून आपण सुमारे १३० किलोमीटरवर आहोत. म्हणजे नऊ लिटरच्या आत पेट्रोल. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाल्यापासून शिवडीहून उरण-पनवेलच्या बाजूला येणं सोपं झालं आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात माणसं आणि गाडी दोन्ही चढतात आणि तासाभरात मांडवा येतं. गोव्याला जाणाऱ्याला गाडीचा शीण होतो, पण आपल्याकडे येणारा सकाळी निघून जेवायच्या वेळेला पानावर बसू शकतो. जवळ असणं हे आपलं भांडवल आहे.

धुराचा हिशेब

दुसरा हिशेब धुराचा. तुम्ही म्हणाल, धूर काय सगळ्यांचाच होतो. होतो, पण किती होतो हे मोजता येतं, आणि आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर ते मोजायला शिकलं पाहिजे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. डिझेलचा २.७ किलोच्या आसपास. आता एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलोच्या वर वायू कसा निघेल? कारण पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतो. वजन वाढतं ते हवेतून घेतलेल्या त्या प्राणवायूचं.

आता मघाचीच गाडी घ्या. मुंबई ते गोवा ४० लिटर पेट्रोल, म्हणजे ९२ किलो वायू. गाडीत एकटाच माणूस असेल तर ९२ किलो त्याच्या एकट्याच्या नावावर. दोघं असतील तर ४६ किलो. चौघं असतील तर फक्त २३ किलो. त्याच प्रवासाला विमानात माणशी साधारण ४० ते ६० किलो वायू पडतो. विमान जमिनीवरून उचलून वर न्यायलाच पुष्कळ इंधन लागतं, म्हणून छोट्या अंतराला दर किलोमीटरमागे ते जास्त खातं. उंचावर विमानामागे ज्या पांढऱ्या रेषा उठतात, त्यांनीही हवा तापायला हातभार लागतो, तो वेगळाच.

यावरून काय दिसलं? गाडी विमानापेक्षा चांगली असं सरसकट म्हणता येत नाही. भरलेली गाडी विमानापेक्षा चांगली. एकट्याची गाडी विमानाहून वाईट. दोघांची गाडी साधारण बरोबरीत. आणि या सगळ्यांच्या वर रेल्वे आणि एसटी. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे रेल्वेने गेलेल्या माणसाच्या वाट्याला सगळ्यात कमी धूर येतो. आपल्याला जवळचं स्टेशन रोहा. ज्याला जमेल त्याने रेल्वेने यावं, एसटीने यावं, आपण त्याला पायघड्या घालू.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा, पाहुण्यांना सांगायला उपयोगी पडेल. चौघं भरून मुंबईहून काशीदला आली तर गाडीचा सगळा वायू होतो २० किलो, माणशी ५ किलो. विमानाने गोव्याला गेलं तर माणशी ५० किलो. म्हणजे समुद्र बघायचा, मासे खायचे, मुलांनी वाळूत खेळायचं, हेच सगळं करायला दहावा हिस्सा धूर.

हे आपण का बोलायचं? ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळ, पोफळी, सुरू, आंबा, किती झाडं गेली ते आपण डोळ्यांनी बघितलं. वाडी पुन्हा उभी राहायला किती वर्षं लागतात हे ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना विचारा. एका वादळाचं खापर कुणा एकाच्या गाडीवर किंवा विमानावर फोडता येत नाही. पण तापलेल्या समुद्रावर वादळाला बळ मिळतं, आणि आपला अरबी समुद्र तापतो आहे. ज्यांचं घर भरतीच्या रेषेजवळ आहे, त्यांना हा हिशेब नुसता पुस्तकातला वाटायला नको.

वाटेवरची कमाई

तिसरा हिशेब सगळ्यात आपला. विमानात बसलेला माणूस पनवेलला चढतो आणि मोप्याला उतरतो. मधला सगळा कोकण त्याच्या पायाखालून निघून जातो. त्याचा एक रुपयाही मधे पडत नाही.

गाडीने निघालेल्या माणसाची वाट बघा. पनवेल सोडलं की पेण येतं. गणपतीच्या मूर्ती आणि पोह्याचे पापड यांचं गाव. ते पापड बायकांनी लाटलेले असतात. मग वडखळ, पोयनाड. थंडीत गेलात तर वालाच्या शेंगांची पोपटी. अलिबागकडे वळलं की उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. त्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि माळा विणणारे हात बहुतेक बायकांचे आहेत. पुढे चौल, रेवदंडा, कुंडलिकेचा पूल ओलांडला की साळाव, मग कोर्लई, बोर्ली, बारशिव आणि आपलं काशीद. जागोजागी ताडगोळे, करवंदं, जांभळं, कोकमाचं आगळ, सुकट, बोंबील, सोडे. यातलं काहीच विमानाच्या खिडकीतून विकत घेता येत नाही.

जे आपल्या पुढे जातात त्यांचंही तसंच. मुरूडवरून आगरदांड्याला जा, फेरीबोटीत गाडी चढवा, दिघीला उतरा. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वीला पुन्हा बोट, पुढे दापोली. दाभोळहून धोपाव्याला बोट, मग गुहागर. तवसाळहून जयगडला बोट, आणि गणपतीपुळे. हा रस्ता महामार्गापेक्षा लांबचा आणि वेळखाऊ आहे. पण या रस्त्याने चार दिवस फिरणारा माणूस चार गावांत झोपतो आणि आठ-दहा ठिकाणी जेवतो. त्या जेवणाची चूल बहुतेक ठिकाणी आपल्यासारखीच कुणीतरी पेटवलेली असते.

आता एका पानाचा पैसा कुठे जातो ते बघू. समजा माशाची थाळी ३०० रुपयांची आहे आणि चौघं जेवली. १,२०० रुपये झाले. त्यातून मासळीचे पैसे बोर्लीच्या नाहीतर एकदऱ्याच्या कोळणीकडे गेले. नारळ शेजारच्या वाडीतला. तांदळाचं पीठ गावातल्या गिरणीवर दळलेलं. सोलकढीची आमसुलं गटातल्याच एखादीने वाळवलेली. भाकऱ्या थापायला आलेल्या बाईची मजुरी. गॅस, तेल, मसाला यांचे पैसे तेवढे बाहेर गेले, बाकीचे गावात आणि आसपासच फिरले. आणि उरलेल्यातून गटाची बचत आणि कर्जाचा हप्ता. आपण मासिक बैठकीत जी वही लिहितो, तिच्यातल्या जमेच्या आकड्यामागे कुठेतरी पनवेलच्या टोलनाक्यावरून आलेली एखादी गाडी उभी असते.

याचा पुरावा आपण उलट्या बाजूनेही बघितला आहे. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात अलिबाग-मुरूड रस्त्यावरचा काशीदजवळचा जुना पूल कोसळला. त्यात एकाचा जीव गेला. रस्ता तुटला की भाजीची गाडी, मासळीचा टेम्पो, दवाखाना, शाळा आणि पाहुणा, सगळंच तुटतं. म्हणून रस्ता हा विषय फक्त पुरुषांनी ग्रामसभेत बोलायचा विषय नाही. साकव, मोऱ्या, वळणावरचे फलक, खड्डे, यांवर ग्रामसभेत आपण बायकांनीही बोललं पाहिजे, कारण आपला धंदा त्या डांबरावरून चालतो.

मग आपण काय करायचं?

गाडी आपोआप येते असं समजून बसलो तर ती एक दिवस पनवेललाच थांबेल आणि माणसं विमानात चढतील. पाहुण्याला गाडीचा प्रवास सोपा आणि फायद्याचा वाटावा, हे आपल्या हातात पुष्कळ अंशी आहे.

पहिली गोष्ट फोनवरची. खोली किंवा जेवण विचारायला फोन आला की नुसता दर सांगून ठेवू नका. किती जण आहात ते विचारा. दोनच असतील तर सांगा, अजून दोघांना घेऊन या, गाडीचा खर्च निम्मा होईल, आम्ही मोठी खोली देऊ. शुक्रवारी रात्री वडखळला गाड्या तुंबतात, तर पहाटे निघायला सांगा. रो-रो बोटीचं सांगा. रोह्याला रेल्वेने येऊन पुढे रस्त्याने येता येतं हे सांगा. अलिबागहून रेवदंडामार्गे मुरूडला जाणारी एसटी काशीदला थांबते हेही सांगा.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारी गाडी तेवढंच पेट्रोल जाळते जेवढं दोन दिवस राहणारी. पण एक दिवसाचा पाहुणा एक जेवण जेवतो, दोन दिवसांचा चार. म्हणून त्याला दुसऱ्या दिवसाचं काम द्या. पहाटे फणसाडच्या जंगलात जा, शेकरू दिसेल. हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. दुपारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. परतताना कोर्लईचा किल्ला. तिथल्या गावात अजून पोर्तुगीजांच्या वेळची मिश्र बोली बोलली जाते. एवढं ऐकल्यावर माणूस एक रात्र राहायला तयार होतो.

तिसरी गोष्ट गाडी लावण्याची आणि कचऱ्याची. गाड्या म्हणजे फक्त पैसा नाही, त्या त्रासही आणतात. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर रुग्णवाहिकासुद्धा अडकते. अंगणात किंवा वाडीत जागा असेल तर पाहुण्याची गाडी तिथेच लावून घ्या. वाळूवर गाडी उतरवू देऊ नका. भरतीच्या पाण्यात रुतली की ट्रॅक्टर आणून ओढावी लागते, आणि किनारा खराब होतो तो वेगळा. पाण्याच्या बाटल्यांचा ढीग कमी करायचा तर आपल्या दारात माठ किंवा गाळलेल्या पाण्याचा पिंप ठेवा. पाहुण्याला म्हणा, दादा, बाटली इथेच भरून घ्या. निघताना गाडीतला कचरा गाडीतच न्यायला एक पिशवी द्या. कुणी रागावत नाही, उलट मुलं आईबापांना आठवण करून देतात.

चौथी गोष्ट समुद्राची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. पाच तास गाडीत बसून कंटाळलेली पोरं गाडी थांबली की थेट पाण्याकडे धावतात. आपला किनारा दिसायला शांत आहे, पण काही ठिकाणी उतार एकदम खोल होतो आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्या दिवसाची आठवण या किनाऱ्यावर कुणीही विसरलेलं नाही. म्हणून खोलीची किल्ली देताना त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ सांगायची. दारावर पाटी लावून रोज खडूने लिहायची. आधी हातपाय धुवा, चहा घ्या, मग जा, पण कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका आणि दारू पिऊन तर पाण्याला शिवूच नका. हे आपण पाहुण्याला आई नाहीतर मावशीच्या अधिकाराने सांगायचं. गिऱ्हाईक दुखावेल ही भीती नको. जीव राहिला तर गिऱ्हाईक परत येईल.

पाचवी गोष्ट कागदांची. घरगुती खोल्या देणाऱ्यांसाठी पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी करा. जेवण देत असाल, पापड-लोणची विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच. २०२३ मध्ये राज्याने महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसायासाठी महिलेने घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. त्याच्या अटी आहेत, त्या वाचून मगच कर्ज घ्या. एकटीला कागद जमत नसतील तर ग्रामसंघाच्या बैठकीत विषय ठेवा, चौघी मिळून अर्ज भरा.

आणि आपली सहल

आता थोडं आपल्याबद्दल. पाहुण्यांना सुट्टी असते तशी आपल्यालाही असावी. पावसाळ्यानंतर, सीझन सुरू व्हायच्या आधी, गटाने वर्षातून एक सहल काढावी असं मला वाटतं. नवीन धंदा बघायला म्हणा, देवदर्शनाला म्हणा, नाहीतर नुसतं हिंडायला. दरवेळी कारण द्यावं लागतं असं नाही.

त्या वेळी हाच हिशेब आपण आपल्यासाठी मांडायचा. समजा १६ जणींनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर केली आणि ती लिटरला १० किलोमीटर जाते. सहाशे किलोमीटरला ६० लिटर डिझेल. वायू १६२ किलो, माणशी साधारण १० किलो. चौघांच्या मोटारीच्या निम्म्याहून कमी. एसटीने गेलो तर आणखी बरं. राज्याच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर, आपल्या राज्यात बघायला काय कमी आहे?

विमानात बसूच नये असं मी म्हणत नाही. एखादीच्या मुलीचं सासर दिल्लीला असेल, कुणाच्या घरात आजारपण असेल, तर वेळ वाचवणं भाग आहे. आयुष्यात एकदा ढग वरून बघावेत अशी कुणाची हौस असेल तर तीही जरूर पुरवावी. विमान त्या कामासाठी ठेवावं. पण जिथे एका दिवसात रस्त्याने किंवा रुळाने पोचता येतं, तिथे भरलेल्या गाडीने, रेल्वेने, एसटीने जावं. आणि वाटेत थांबावं. थांबाल तेव्हा मोठ्या चकचकीत फूड मॉलपेक्षा एखाद्या ताईच्या पाटीपाशी थांबावं. तिथली कांद्याची माळ घ्यावी, पापडाचं पाकीट घ्यावं. आपल्या दाराशी दुसऱ्या कुणी थांबावं असं आपल्याला वाटतं, तर आपणही दुसरीच्या दाराशी थांबायला शिकलं पाहिजे.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा. आलेली गाडी कुठून आली, तिच्यात किती माणसं होती आणि ती किती रात्री राहिली. दिवाळीपासून मेपर्यंत लिहा. जूनमध्ये सगळ्या गटांच्या वह्या एकत्र मांडू. मग ग्रामपंचायतीपुढे गाडी लावायच्या जागेचा, शौचालयाचा, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचा विषय मांडताना आपल्याकडे आपलेच आकडे असतील. कुणी उडवून लावू शकणार नाही.

चला, वेळ झाली. गाडीने येणाऱ्यांना जपा, स्वतःलाही जपा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.